जिप्सीचे बसलेले पाटे, पावसाळ्यातलं काम

२ जुलै

कालपासून ताडोब्याचं कोअर, म्हणजे जंगलाचा आतला मुख्य भाग, बंद झालं, आता सरळ १ ऑक्टोबरला उघडणार, बफरच्या, म्हणजे बाहेरच्या पट्ट्यातल्या, फेऱ्या पावसाच्या मर्जीवर. म्हणजे गाडी उघडायची तर हीच वेळ, सीझनमध्ये मंगळवारच्या सुट्टीत फार तर ऑइल बदलून होतं. गाडी आपली नेहमीचीच, जिप्सी किंग, १३०० चं इंजिन, वरून ओपन, मागे उंच सीटा. चारही बाजूंना पाटे, म्हणजे एकावर एक रचलेल्या वाकलेल्या लोखंडी पट्ट्यांची स्प्रिंग. नव्या जिम्नीला कॉइल आहे, पण मोहर्ली गेटच्या अंगाला आमचं पोट अजून जिप्सीवरच चालतं आणि जिप्सी म्हणजे पाटा.

तक्रार अशी की मागचा भाग बसला आहे. सहा टुरिस्ट, पुढे ड्रायव्हर आणि गाईड, एवढं भरलं की मागून गाडी खाली जाते, नाल्यात उतरताना बंप रबर (ॲक्सल वर येऊन चेसिसला आपटू नये म्हणून असलेला ठोकळा) धाडकन लागतो आणि शेवटच्या लायनीतला माणूस सीटवरून उडतो. सगळ्यात जास्त पैसे मोजून कॅमेरा घेऊन आलेला माणूस नेमका तिथेच बसलेला असतो. आणि नाक वर उचललं जातं त्यामुळे स्टिअरिंग हलकं लागतं, ओल्या काळ्या मातीत तर गाडी पुढून नुसती तरंगत जाते.

आज फक्त मापं घेतली. डिझेल नाही पेट्रोलच, तर टाकी अर्धी, चारही टायरात हवा सारखी, गाडी सिमेंटच्या कोब्यावर, आणि हबच्या मध्यापासून वर मडगार्डच्या काठापर्यंत टेप. जमिनीपासून माप घेऊ नका, टायरची हवा आणि घिसाई दोन्ही त्यात मिसळतात. निघालं काय तर मागे डावी बाजू उजवीपेक्षा ६ सूत खाली (८ सूत म्हणजे १ इंच). हे मला खटकलं. ड्रायव्हर उजवीकडे बसतो, मी काही बारीक माणूस नाही, बसायचीच तर उजवी बाजू बसायला पाहिजे होती.

३ जुलै

लोड टेस्ट. माणसं गोळा करण्यापेक्षा सिमेंटच्या गोण्या बऱ्या, चंद्रपूर जिल्ह्यात सिमेंटला काय तोटा. ५० किलोच्या ८ गोण्या म्हणजे ४०० किलो, सहा माणसांच्या जवळपास. दोन गोण्या मधल्या लायनीच्या पुढे, बाकी जशी माणसं बसतात तशा वाटून. मागची लाईन ॲक्सलच्या थोडी मागेच येते, त्यामुळे तिथला माणूस नुसता मागचा पाटा दाबत नाही तर पुढचा भाग उचलतोसुद्धा, म्हणून गोण्या कुठे ठेवता ते महत्त्वाचं.

भरल्यावर डावीकडे बंप रबर आणि ॲक्सल चिकटलेले, कागदसुद्धा जाणार नाही. उजवीकडे ३ सूत फट. म्हणजे उभ्या गाडीत डावी बाजू संपलेली आहे, खड्ड्यासाठी शिल्लक काहीच नाही. शॅकल, म्हणजे पाट्याचं मागचं टोक चेसिसला टांगणारी झुलती कडी, तोही पार मागे कलंडलेला. पाटा दबला की लांब होतो आणि ती लांबी शॅकल मागे झुकून घेतो, तो जर आधीच झुकलेला असेल तर पाट्याला पसरायला जागा कुठली.

शेजारचा पोरगा बघून म्हणाला, "भाऊ, काहून एवढी मेहनत करून राहिले, एक पाटा अजून टाकून द्या ना." सगळे हेच सांगतात. या गाडीत कुणीतरी आधीच एक टाकलेला आहे, मी गाडी घेतली तेव्हापासून, आणि तरी ती बसली आहे.

६ जुलै

मधे दोन दिवस धो धो पाऊस. आज मागचं उतरवलं. चेसिसखाली दोन घोड्या, ॲक्सलखाली वेगळा जॅक, चाकं काढली, शॉकअप खालून सोडले. ॲक्सल खाली सोडताना ब्रेकच्या रबरी पाइपावर लक्ष, ॲक्सलचं वजन त्याच्यावर कधी टांगायचं नाही.

जिप्सीला ओरिजिनल पाटा ॲक्सलच्या खाली असतो, पाटा ॲक्सलला आवळणारे यू बोल्ट वरून येतात आणि प्लेट खालून. नटांना आदल्या रात्रीच तेल मारून ठेवलं होतं, यू बोल्ट सुटले, पण तरी नवीनच घालणार, एकदा ताणून बसलेला यू बोल्ट परत वापरायचा नाही. खरा वैताग पुढच्या टोकाचा बोल्ट. नट निघाला, बोल्ट फिरतो, पण बाहेर येत नाही, कारण पाट्याच्या टोकातल्या रबरी बुशच्या आतली लोखंडी नळी आणि बोल्ट गंजून एकच झालेत आणि रबर नुसतं पिळवटत बसतं. ज्यानं जिप्सीचा पाटा काढला आहे त्याला हे माहीत आहे. तेल, टॉमी, घण, परत तेल, शेवटी हॅकसॉचं पातं बुश आणि हँगरच्या (चेसिसवरच्या पकडीच्या) मधल्या फटीत घालून दोन्ही बाजूंनी बोल्ट कापला. गॅस कटर घेऊन एक जण तयारच उभा होता, त्याला चहा पाजून परत पाठवला. पाट्याच्या डोळ्याजवळ, म्हणजे टोकाच्या भोकाजवळ, ज्योत गेली की तिथलं पाणी (पोलादाचा कडकपणा) उतरतं, मग तो पाटा तिथेच उघडतो किंवा तुटतो.

७ जुलै

आजचा दिवस कामाचा, म्हणून जरा सविस्तर.

सेट व्हाइसमध्ये दाबून धरून, सगळे पाटे मधोमध एकत्र धरणारा सेंटर बोल्ट सोडला (व्हाइस न लावता सोडला तर पाटे उसळतात, तोंड लांब ठेवा). डाव्या सेटमधला तिसरा पाटा हातात दोन तुकड्यांत आला. सेंटर बोल्टच्या भोकातूनच तुटलेला. बाहेरून काही दिसत नव्हतं कारण तुटकी जागा यू बोल्टच्या प्लेटच्या वर, ॲक्सलच्या बैठकीखाली, बरोबर झाकलेली. तुटलेल्या तोंडावर अर्ध्याहून जास्त भाग काळा-तांबडा गंजलेला आणि उरलेला ताजा चकचकीत, म्हणजे भेग जुनी, बरेच महिने हळूहळू वाढत गेली आणि उरलेलं एके दिवशी कडकन गेलं. डावी बाजू ६ सूत का खाली होती त्याचं उत्तर मिळालं. पाटा भोकातच तुटतो कारण तिथे मटेरियल कमी, आणि यू बोल्ट ढिले झाले की मधला भाग जो आवळून गच्च असायला पाहिजे तो हलायला लागतो, मग सगळा वाक त्या भोकापाशी येतो.

आता तो एक्स्ट्रा पाटा. कुठल्यातरी पिकअपचा, कापून बसवलेला, जाडी ८ मिमी, बाकीचे ६ च्या आसपास. पाट्याचा कडकपणा रुंदीच्या सरळ प्रमाणात वाढतो पण जाडीच्या घनाने वाढतो, म्हणजे रुंदी तीच धरली तर ८ चा पाटा ६ च्या पाट्यापेक्षा जवळजवळ २.४ पट कडक. एक पाटा टाकला असं वाटतं, प्रत्यक्षात दोनापेक्षा जास्त टाकलेले असतात. वर त्याची गोलाई कमी, जवळपास सपाटच. कंपनीच्या सेटमध्ये खालचा प्रत्येक पाटा वरच्यापेक्षा जरा जास्त वाकलेला असतो, सेंटर बोल्ट आवळला की तो वरच्याच्या पोटाला टोकांपासून घट्ट लागतो आणि सगळे मिळून लोड घेतात. हा सपाट पाटा मधे आवळला की टोकं लागतच नाहीत, रिकाम्या गाडीत तो नुसता बसून असतो, आणि लोड आला की एकदम मधे पडतो. मेन (सगळ्यात वरच्या) पाट्याच्या पोटाला, जिथे याची टोकं संपतात तिथे, दोन्ही बाजूंना खोल चरा पडला आहे. नखाला लागतो इतका. चरा म्हणजे उद्याची भेग.

तर हिशोब असा झाला की एक्स्ट्रा पाट्याने उंची दिलीच नाही, उंची देते गोलाई, पाट्याने दिला फक्त कडकपणा, तोही चुकीच्या जागी. लोकांना गाडी उंच पाहिजे असते आणि ते कडक करून घेतात. ट्रकला चालून जातं, त्याला कोळसा वाहायचा आहे, कोळसा कधी तक्रार करत नाही.

उजवा सेट अखंड निघाला पण मेन पाट्यावर तोच चरा आणि गंजाचे खड्डे. मागचे दोन्ही सेट बाद. पुढचे पाटेही उतरवले, ते मात्र ठीक, जाडी पूर्ण, चरे नाहीत, नुसती गोलाई गेली आहे.

९ जुलै

चंद्रपूरजवळच्या पडोलीला गेलो. आसपास कोळसा, सिमेंट, राख, सगळा ट्रकांचा धंदा, त्यामुळे पाटेवाले मिस्त्री इथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. तीन ठिकाणी विचारलं, दोघं म्हणाले आत्ता उभ्या उभ्या करून देतो, थंड सेट मारतो.

थंड सेट म्हणजे पाटा दोन टेकूंवर ठेवायचा आणि आतल्या बाजूने घण घालत घालत गोलाई वाढवायची. अर्ध्या तासात उंची मिळते, दिसायला एकदम झकास. पण टिकत नाही आणि त्याला कारण आहे. तुम्ही पाटा वाकवला एका दिशेला, आणि गाडीचं वजन त्याला रोज सरळ करतं उलट्या दिशेला. लोखंड एकदा एका बाजूला जबरदस्तीने वाकवलं की उलट्या बाजूला ते आधीपेक्षा कमी जोरात ढिलं पडतं. शिवाय घणाचे घाव. ज्यांना गाडी विकायची आहे त्यांनी थंड सेट जरूर मारावा.

तिसरा म्हातारा मिस्त्री, त्याच्याकडे भट्टी आणि तेलाची टाकी दोन्ही. पाटे उलटसुलट करून पाहिले, मागचा मेन पाटा अंगठ्याने चाचपला आणि बाजूला टाकला. "हा भंगारात द्या बापू, याला भट्टीत घालून काय फायदा, चरा काय भट्टीत भरून येते का." पुढचे घेतले. उंची किती पाहिजे विचारलं, मी म्हटलं कंपनीची, एक इंच वर नको, अर्धा इंच वर नको. त्याला बरं वाटलं असावं, म्हणाला सगळे दोन इंच मागतात आणि मंग जॉइंट शाफ्टचा आवाज येते म्हणून भांडायला येतात.

१४ जुलै

मागचे नवीन सेट नागपुरातून आणले. जिप्सी २०१९ च्या सुमारास बाजारातून गेली तरी पाटे मिळतात, फौजेत आणि जंगलात एवढ्या गाड्या आहेत की मिळणारच. दुकानात दोन्ही सेट शेजारी शेजारी जमिनीवर पालथे ठेवून उंची जुळवून घेतली, दोनात २ सुतांचा फरक निघाला तर दुसरा मागितला. दुकानदार कुरकुरला. कुरकुरू दे. सोबत बुश, शॅकल पिना, यू बोल्ट, सेंटर बोल्ट सगळं नवीन.

१७ जुलै

पुढचे पाटे भट्टीत, मुद्दाम बघायला थांबलो.

एकेक पाटा सुटा करून भट्टीत, लाल नाही तर नारिंगीकडे झुकेपर्यंत. हे सिलिकॉन-मँगनीजचं स्प्रिंग स्टील, बाजारात ईएन ४५ म्हणतात, त्याला साधारण ९०० डिग्रीपर्यंत न्यावं लागतं. बाहेर काढला की लगेच फर्म्यावर ठेवून गोलाई द्यायची, दोन पोट्टे चिमटे धरून, मिस्त्री फर्म्याकडे एक डोळा ठेवून, आणि रंग उतरायच्या आत तेलात. पाण्यात नाही, पाण्यात तडकतो. तेलातून निघालेला पाटा इतका कडक असतो की हातातून फरशीवर पडला तर काचेगत फुटू शकतो, म्हणून परत भट्टीत, पण या वेळी कमी, ४५० ते ५०० डिग्री, आणि तिथे नीट मुरू द्यायचा. या दुसऱ्या तापवणीत सगळी कला आहे. थर्मामीटर कुठला, मिस्त्री लाकडी दांडा गरम पाट्यावर घासतो आणि दांडा कसा धुमसतो, ठिणगी उडते का, यावरून ठरवतो. कारखान्यात यानंतर पाट्याच्या ताणाच्या बाजूवर बारीक गोळ्यांचा मारा करतात, त्याने पृष्ठभाग दाबला जातो आणि भेग सुरू व्हायला वेळ लागतो. ते इथे होत नाही. म्हणून मागे नवीन आणि पुढे जुने असं ठरवलं, पुढे लोड कमी.

शेवटी सगळा सेट बांधून प्रेसखाली सपाट होईपर्यंत दाबला, सोडला, परत दाबला. पहिल्या दाबात उंची थोडी उतरली, नंतर जागेवर थांबली. हे ज्याच्याकडे होत नाही तिथे ती उंची तुमच्या रस्त्यावर उतरते.

२१ जुलै

जोडणी. पाट्यांना ब्रश मारून, टोकांच्या आत जिथे एकमेकांवर घासतात तेवढ्याच जागी ग्राफाइट ग्रीसचा पातळ हात. बरेच जण पूर्ण सेट ग्रीसने माखतात, गावात ठीक आहे, आमच्या इथे मार्च ते जून इतकी धूळ की ग्रीस आणि धूळ मिळून पॉलिश पेपर तयार होतो. क्लिपा पाट्यांना धरून ठेवतील पण आवळणार नाहीत इतक्या सैल, पाटे एकमेकांवर सरकले पाहिजेत.

सेंटर बोल्टची टोपी वरच्या बाजूला, ती ॲक्सलच्या बैठकीतल्या भोकात बसते, तीच ॲक्सलला जागेवर ठेवते. बसली की नाही बोटाने चाचपून मग यू बोल्ट. चार नट तिरके तिरके, थोडे थोडे, दोन्ही बाजूंना बोल्टाचे आटे सारखे बाहेर आले पाहिजेत. डोळ्याचे आणि शॅकलचे बोल्ट आज फक्त हाताने. बोल्टांना आतून भरपूर ग्रीस, पुढच्या वेळी जो कोणी काढेल तो दुवा देईल, बहुतेक मीच असेन.

२३ जुलै

गाडी चाकांवर उतरवली, हलवून डुलवून बसू दिली आणि मग डोळ्याचे, शॅकलचे बोल्ट फायनल आवळले. याला शॉर्टकट नाही. गाडी हवेत असताना आवळलं तर रबर बुश त्या लटकत्या पोझिशनला पकडला जातो आणि गाडी खाली आली की कायम पिळलेला राहतो, तीन-चार महिन्यांत फाटतो, वर उंचीही खोटी दाखवतो.

मापं: मागे डावी-उजवी बरोबर, १ सुताच्या आत. डावी बाजू आधीपेक्षा १ इंच ६ सूत वर, उजवी साधारण १ इंच. पुढे दोन्हीकडे ६ सूत वर. शॅकल आता जवळपास सरळ उभा.

पुढची उंची वाढली की एक गोष्ट होतेच, स्टिअरिंग व्हील सरळ रस्त्यावर एका बाजूला वळलेलं राहतं, कारण ड्रॅग लिंकचा, म्हणजे स्टिअरिंगकडून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याचा, कोन बदलतो. लॉक नट सोडून लिंक फिरवून व्हील सरळ केलं. हेडलाइटचा झोतही खाली आला, तो भिंतीवर पाहून उचलला.

२४ जुलै

त्याच ८ गोण्या, त्याच जागी. बंप रबरची फट दोन्ही बाजूंना १ इंच ३ सूत. एक्स्ट्रा पाटा नसताना. शेजारच्या पोराला बोलावून टेप त्याच्याच हातात दिला, त्यानं दोनदा मोजलं आणि म्हणाला, "मंग तो जाडा पाटा काय करून राहिला होता एवढे दिवस?" काही नाही, लोकांच्या कंबरा मोडून राहिला होता.

रिकामी गाडी मात्र आता मऊ लागते, रस्त्यात वळणावर थोडी जास्त झुकते. मला चालतं. जंगलात स्पीड कुठे असतो.

१८ ऑगस्ट

बफरला अधूनमधून फेऱ्या होऊन राहिल्या, आगरझरी, जुनोना, पाऊस थांबला की. यू बोल्ट परत आवळून घेतले, मागचे चौघे पाव-पाव फेरा फिरले, पुढचे जवळपास नाहीच. नवीन पाट्यावरचा रंग दबला की एवढी ढील येते, म्हणून काही शे किलोमीटरनंतर हे करायचंच, नाहीतर परत तोच भोकातला तुटका पाटा.

मागे दोन्ही बाजूंना सारखं ३ सूत उतरलं. नवीन सेट एवढा बसतोच. सारखा बसला हे महत्त्वाचं. पुढचे फक्त १ सूत, म्हाताऱ्याचा प्रेस कामाला आला.

उजवा मागचा शॉकअप तेल सोडतोय. जुना पाटा इतका कडक होता की शॉकअपला कामच नव्हतं, आता काम पडलं तर रडायला लागला. दोन्ही बदलणार, एक बदलून उपयोग नाही.

१० ऑक्टोबर

कोअर उघडून दहा दिवस झाले, सकाळ-संध्याकाळ फुल गाडी. पाण्याने रस्ते खणून टाकलेत, दरवर्षीप्रमाणे. बंप रबर लागतो, लागत नाही असं नाही, पण खोल नाल्यातच, आणि धाड असा नाही. काल मागच्या लायनीत एक आजी होत्या, पुण्याच्या, पूर्ण फेरीत त्यांनी बसण्याबद्दल चकार शब्द काढला नाही, फक्त वाघ दिसला नाही म्हणून माझ्यावर आणि गाईडवर चिडल्या होत्या.

मापं परत घेतली, ऑगस्टनंतर काही हललं नाही. शॉकअप नवीन बसले. पुढच्या उजव्या शॅकलमधून खडखड येते, बुश हलतोय, पाटा नाही, येत्या मंगळवारी बघतो. पिकअपचा तो जाडा पाटा मागच्या दाराला आडणा म्हणून लावला आहे.